उजेडाचा आकडा

लॅपटॉपच्या कीबोर्डावर उजेड कमी-जास्त करायची दोन बटणं असतात आणि बहुतेकांचं त्यावर भागतं. माझं भागत नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात आई झोपते त्याच खोलीत माझं टेबल आहे, आणि बटण दाबून दाबून पडदा ज्या शेवटच्या पायरीवर थांबतो, तेवढ्या उजेडानंही ती कूस बदलते. त्याच्या खालची पायरी म्हणजे थेट अंधार. मधल्या पायऱ्या कुणी गाळल्या, देव जाणे.

मग टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायचं. माझ्या लॅपटॉपवरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टममध्ये पुष्कळ गोष्टी फाइलच्या रूपात समोर येतात, पडद्यामागचा दिवासुद्धा. 'सिस' नावाच्या फोल्डरमध्ये 'क्लास', त्यात 'बॅकलाइट', त्यात ग्राफिक्स चिपच्या नावाचं फोल्डर. माझ्याकडं इंटेलचं आहे. आत 'मॅक्स ब्राइटनेस' नावाची फाइल वाचली की या पडद्याची मजल कुठवर ते कळतं. कुठं 255, तर कुठं काही हजार. शेजारीच नुसती 'ब्राइटनेस' फाइल. तिच्यात आकडा लिहिला की पडदा तेवढा उजळला. गंमत म्हणजे ही फाइल डिस्कवर कुठंच नसते. वाचायला गेलं की कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, जागेवर उत्तर देतो, लिहिलं की आकडा सरळ ड्रायव्हरच्या, म्हणजे दिवा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या हातात. इतकी वर्षं हे करतोय, तरी मला त्याचं अप्रूप आहे.

लिहायला मात्र रूटचा, म्हणजे मशिनवरच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याचा हक्क लागतो आणि इथं भलेभले अडतात. 'सुडो' (पुढची आज्ञा रूट म्हणून चालव), 'एको' (पुढचं आहे तसं छाप), मग आकडा, मग बाण (ते फाइलमध्ये घाल), मग फाइलचं नाव. आणि उत्तर येतं 'परमिशन डिनाइड'. माझा एक मित्र स्क्रीनवरच वैतागला होता, "आरं, सुडो लावलंय की!" लावलंय, पण ते एकोला. बाणाचं काम शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम, स्वतः करते, तेही आधीच, आणि शेल बिचारी साधी वापरकर्ती. म्हणून आकडा पाइपमधून, म्हणजे एका आज्ञेचं उत्तर दुसरीकडं नेणाऱ्या उभ्या रेघेतून, 'टी' या फाइलीत लिहिणाऱ्या आज्ञेकडं द्यायचा आणि सुडो त्या टीला लावायचं. एवढी खटपट नको असेल तर 'ब्राइटनेस-सीटीएल' हा छोटा प्रोग्राम टाकावा, टक्क्यांत बोलतो. 'एक्सरँडर' या आज्ञेनंही पडदा काळवंडतो, पण तो निव्वळ देखावा: रंग गडद होतात, मागचा दिवा पूर्वीइतकाच जळत राहतो आणि बॅटरीही तशीच खात राहतो. शून्य मात्र लिहू नये. काही मशिनवर दिवा साफ विझतो आणि पुढची आज्ञा आंधळेपणानं टाइप करावी लागते.

आकडा हातात आल्यावर कळतं की डोळा आकड्यानं मोजतच नाही. दहाचे वीस केले की खोली उजळल्यासारखी वाटते. नऊशेचे नऊशे दहा केले तर डोळ्याला पत्ता नाही. पांढऱ्या रश्श्यात पहिली चिमूट मीठ पडली की चव जागी होते, खारट झाल्यावर आणखी चिमूट कुणाला कळते? वेबर आणि फेख्नर या जर्मनांनी एकोणिसाव्या शतकात हेच मांडलं: आधी किती आहे, त्याच्या प्रमाणात फरक जाणवतो. म्हणून मी बेरीज-वजाबाकी सोडली. कमी करायचा तर निम्मा, वाढवायचा तर दुप्पट. डोळ्याला पायऱ्या सारख्या वाटतात.

कोल्हापुरात उजेडाचा हिशेब करणारा मी एकटा नाही म्हणा. नोव्हेंबरात 9, 10, 11 ला आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला अंबाबाईच्या मंदिरात किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून शिरून कासव चौक, पितळी उंबरा करत गाभाऱ्याकडं सरकतात; पहिल्या दिवशी चरणांवर, मग छातीवर, मग मुखावर. अभ्यासक मीटर घेऊन उभे असतात, दुसऱ्या दिवशी पेपरात लक्सचे, म्हणजे उजेडाच्या मापाचे आकडे. ढग, धुकं, वाटेतली इमारत, सगळ्याचं खापर त्या आकड्यांवरून फुटतं. महाद्वारापाशी दणदणीत असलेला आकडा आत पोचेपर्यंत पार उतरलेला असतो. तरी सगळ्यांना दिसतं, कारण तेवढ्यापुरते आतले दिवे मालवलेले असतात. माझ्या खोलीतही ट्यूबलाइट बंद केल्यावरच तो निम्म्याचा निम्मा आकडा पुरतो.

लॅपटॉप बंद करताना सिस्टम-डी, म्हणजे लिनक्स सुरू-बंद करणारा प्रोग्राम, शेवटचा आकडा जपून ठेवतं आणि सकाळी तोच परत लावतं. अगदीच नीचांकी असेल तर पाच टक्क्यांपर्यंत उचलतं, एवढी माणुसकी त्यात आहे. पण पाच टक्के म्हणजे दिवसाउजेडी काहीच नव्हे. परवा दादा लॅपटॉप घेऊन गॅलरीत भर उन्हात बसला, सुरू केला, तिरका करून पाहिला, हात आडवा धरून पाहिला आणि आत हाक मारली, "ह्यो गेला बघ. उद्यमनगरात दाखवू का कुणाला?"