उपाशी आलीस का गं?

रविवार, रात्री साडेदहा

पाय दुखताहेत, ते ठीक आहे. मावशींचं वाक्य मात्र सकाळपासून डोक्यातून जात नाही.

पळण्याच्या सरावाला आतकरवाडीतून सिंहगडाचे दोन चढ ठरवले होते. पहिला झाला. दुसऱ्याला अर्ध्यावर पायांतला जीवच गेला. दमणं वेगळं, हे वेगळं. कंदिलाची वात कुणीतरी खाली करावी तसं. कशीबशी वर पोचले, पहिल्याच झोपडीत टेकले, तर मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "उपाशी आलीस का गं?"

उपाशी! मी! जिच्या फ्रीजवर खाण्याचा तक्ता चिकटवलाय, जी पनीरसुद्धा काट्यावर मोजून खाते, ती. काय सांगणार होते त्यांना? की नऊ आठवडे भात-भाकरी बंद आहे, शरीराला चरबी जाळायला शिकवतेय? नुसतं "नाही हो" म्हटलं आणि दोन भाकऱ्या, पिठलं, मडक्यातलं दही संपवलं. तिसरी भाकरी मागताना आवाज चोरटा निघाला.

लाज नक्की कशाची वाटली? खाल्ल्याची नव्हे. ओळखलं गेल्याची असेल.

आणि गणित मला पाठ आहे, तेच तर. यकृत आणि स्नायू मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेचा, साठा ४००-५०० ग्रॅम. पळताना ३० किलोमीटरच्या आसपास तो आटत येतो. चरबी भरपूर असते (माझ्याकडे तर आहेच), पण तेवढीच ऊर्जा तिच्यातून काढायला प्राणवायू जास्त लागतो, आणि चढावर नेमकी त्याचीच टंचाई. सपाटीवर सावकाश पळताना तक्ता छान चालला होता. गडाने उघडं पाडलं.

त्याआधीचं वर्ष एनर्जी जेलचं, पळता पळता तोंडात पिळायच्या त्या गोड चिकट पुड्यांचं. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, एका पुडीत साधारण २५. साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या घाटात पाण्याशिवाय लागोपाठ दोन पिळल्या, आणि उतारावर पोटाचं जे काय झालं ते इथे लिहीत नाही. त्याआधी खजूर. निनाद आदल्या रात्री वडापाव खाऊन सकाळी ४२ किलोमीटर पळतो. आईला तर... जाऊ दे, तो विषय आज नको.

उपाशी आलीस का गं. चाळिशी उलटली, आणि मला भूक लागलीय हे दुसऱ्या बाईने सांगावं लागतं. मगाशी हे आठवून डोळे भरून आले, खरंच.

पण मावशींच्या भाकरीवर आरती लिहायला बसावं तर तेही जमेना. कारण गड उतरताना पिठलं प्रत्येक पायरीला घशाशी येत होतं. पळताना रक्त पायांकडे धावतं, पोटाला विचारतंय कोण. त्यात फोडणीचं तेल आणि डाळीचं पीठ. म्हणजे तक्ता नाही, जेल नाही, मावशीही नाहीत! शेवटच्या वळणावर दगडावर बसून एकटीच हसले. वर चढणाऱ्या दोन पोरांनी रस्ता बदलला.

आता कुकरला चार बटाटे लावलेत. मंगळवारी मीठ चोळून खिशात घेऊन बघते. एका बटाट्यात किती ग्रॅम, ते मुद्दाम बघितलं नाही.

बघितलं. वीसेक.