खोडणारा एजंट कामाला लागला: ट्रक-मार्गांच्या टोळीची प्रगती

डेपोतून निघून ग्राहकांना माल पोचवून परतणाऱ्या ट्रकांचे मार्ग शक्य तितके आखूड बसवायचे, हे कोडं मी एजंटांच्या, म्हणजे आपापलं काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांच्या, टोळीकडून सोडवून घेतोय. मागच्या नोंदीपर्यंत माझ्याकडे लिलाव चालत होता. प्रत्येक ट्रक म्हणजे एक एजंट. डेपोचा एजंट एकेका ग्राहकाची घोषणा करायचा, हा ग्राहक घेतला तर आपला फेरा किती लांबेल ते ट्रक सांगायचे आणि सर्वांत कमी आकडा देणाऱ्याच्या पदरात तो पडायचा. रीड स्मिथचा १९८० चा काँट्रॅक्ट नेट प्रोटोकॉल तो हाच. १९९३ मध्ये तुओमास सँडहोमने तो ट्रकवाहतुकीला लावला, तेव्हा बोलीही अशीच वाढीव खर्चावरून काढली होती.

लिलावाची गाडी कुठे रुतते ते सीएमटी१ या नेहमीच्या चाचणी-कोड्यावर अगदी स्वच्छ दिसतं. ५० ग्राहक, प्रत्येक ट्रकची क्षमता १६०, सगळ्यांची मिळून मागणी ७७७. पाच ट्रकांत ८०० मावतं, म्हणजे पाचही ट्रक मिळून मोकळी जागा फक्त २३. एक ग्राहक या ट्रकमधून त्या ट्रकमध्ये हलवायचा म्हटलं, तर घेणाऱ्याकडे जागाच नसते. दोघांचाही फायदा होईल अशी अदलाबदल डोळ्यांसमोर असते, पण एकेक ग्राहकाच्या सौद्यातून ती साधत नाही. सँडहोमनेही पुढे अदलाबदलीचे, गठ्ठ्याचे आणि अनेक पक्षांचे सौदे वेगळे मांडले, ते याच अडचणीपोटी. मी अदलाबदलीचे सौदे घातले आणि आकडे सुधारले. तिघांच्या साखळीपर्यंत पोचलो तेव्हा मात्र संगणकाचा बहुतेक वेळ निरोप पोचवण्यातच जायला लागला.

माझं मत आता पक्कं आहे. दिवसभर नव्या ऑर्डरी येत राहतात, मध्येच एखादा ट्रक बंद पडतो, माहिती वेगवेगळ्या लोकांकडे विखुरलेली असते, तिथे लिलाव हवा. सगळा डेटा पहिल्याच सेकंदाला हातात असताना एजंटांना घासाघीस करायला लावणं ही हौस आहे. (हौसेला मोल नाही हे खरं, पण सीपीयूला आहे.)

म्हणून आता ए-टीम, म्हणजे असिंक्रोनस टीम. कार्नेगी मेलनमधल्या सरोश तालुकदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही कल्पना. इथे कुणी कुणाशी बोलत नाही. मधोमध पूर्ण उत्तरांचा एक साठा. एजंट हवं तेव्हा हवं ते उत्तर उचलतो, आपल्या पद्धतीने सुधारतो आणि परत टाकतो. मुकादम नाही, पाळी नाही, एखादा एजंट मेला तरी बाकीचे चालूच. पोलंडमधल्या ग्डिनियाच्या सागरी विद्यापीठातल्या गटाने जेड या एजंट बांधायच्या जावा चौकटीवर याचं जेबॅट नावाचं रूप बांधलं आहे. माझं प्रकरण साधं: पायथनच्या वेगवेगळ्या प्रोसेस आणि मध्ये एसक्यूलाइट डेटाबेसची एक फाइल.

सुरुवातीची उत्तरं दोन एजंट बांधतात. एक क्लार्क-राइटची १९६४ ची बचतीची रीत वापरतो, म्हणजे मार्ग जोडून वाचणारं अंतर पाहतो (सीएमटी१ वर तो पापणी लवायच्या आत एकूण अंतर ५८४.६४ देतो, सर्वोत्तम ५२४.६१ आहे), दुसरा सॉलोमनची १९८७ ची, ग्राहक एकेक करून मार्गात घुसवण्याची रीत. सुधारणाऱ्यांत टू-ऑप्ट (मार्गाचा तुकडा उलटवणारा), ऑर-ऑप्ट (सलग काही ग्राहक उचलून दुसरीकडे बसवणारा), दोन मार्गांच्या शेपट्या बदलणारा, आणि १९९८ च्या शॉच्या पद्धतीने एकमेकांशी जवळीक असलेले ग्राहक उपटून पुन्हा लावणारा.

टाइम विंडो, म्हणजे प्रत्येक ग्राहकाकडे पोचायच्या ठरलेल्या वेळा, आल्या की यांची पत बदलते. सॉलोमनच्या आर१०१ या चाचणी-कोड्यात मागणी १४५८ आणि क्षमता २००, म्हणजे मालाच्या हिशेबाने ८ ट्रक पुरेत. पण २३० एककांच्या दिवसात प्रत्येक ग्राहकाची विंडो फक्त १० एककांची, त्यामुळे १९ लागतात. टू-ऑप्ट मार्गाचा तुकडा उलटा फिरवतो, आणि उलटा फिरवला की विंडो हमखास चुकते. तो एजंट तिथे जवळजवळ बेकार बसतो. शेपटी बदलणाऱ्याला दिशा बदलावी लागत नाही, म्हणून खरा कमावता तो.

पण या खेपेला सगळ्यात जास्त वेळ दिला तो खोडणाऱ्या एजंटला. साठा ठरावीक आकाराचा, त्यामुळे नवं आलं की जुनं काहीतरी जायला हवं. सगळ्यात वाईट ते काढ, हा नियम सोपा आहे आणि टोळीचा गळा घोटतो. थोड्याच वेळात साठ्यात एकाच उत्तराची भावंडं उरतात, एखाद्या मार्गात एखादा ग्राहक इकडेतिकडे. मग दहा एजंट असोत की शंभर, सगळे एकाच खड्ड्याचा तळ उकरतात. तालुकदारांच्या मांडणीत निर्मिती आणि विनाश सारख्याच तोलाचे आहेत. खोडणारा जाणता असेल तर सुमार सुधारणारेही निभावून नेतात, हे आता मला पटलं.

सध्याचा नियम असा. दोन उत्तरांमधलं अंतर म्हणजे एकात असलेल्या आणि दुसऱ्यात नसलेल्या जोडण्यांची (कुणानंतर कोण) संख्या. नवं उत्तर जुन्या एखाद्याच्या फार जवळ असेल, तर त्या दोघांतलं चांगलं तेवढंच राहतं. लांबचं असेल तर बळी चिठ्ठी टाकून निवडायचा, वाईट उत्तराच्या चिठ्ठ्या जास्त.

आर१०१ ने यात आणखी एक पाचर मारली. १९ ट्रकांचं सर्वोत्तम उत्तर १६५०.८० चं, पण २० ट्रक वापरले तर १६४२.८८ मिळतं. आधी ट्रक मोजायचे आणि मग अंतर, या रिवाजाने खोडणारा २० वाली सगळी उत्तरं केराच्या टोपलीत टाकतो. पण १९ वालं नवं उत्तर बहुतेक वेळा २० वाल्यातला एखादा किडमिडीत मार्ग रिकामा करूनच जन्मतं. म्हणून २० वाल्यांसाठी साठ्यात राखीव जागा ठेवल्या. तेव्हापासून १९ वाल्यांचा पुरवठा आटत नाही.

तक्ते ताडून पाहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. अचूक पद्धतींचे, म्हणजे उत्तर सर्वोत्तम असल्याचं सिद्ध करणाऱ्या पद्धतींचे, बरेच लेख अंतर एका दशांश स्थळावर छाटतात. सॉलोमनच्याच सी१०१ या कोड्याचं ८२७.३ दिसलं तर ८२८.९४ वाल्याने हिरमुसू नये, दोन्ही तेच उत्तर आहे.

हिशेब असा: सी१०१ किरकोळ आहे, ग्राहक आधीच घोळक्यात बसलेत. सीएमटी१ वर ५२४.६१ येतं. आर१०१ वर १९ ट्रक नेहमी, १६५०.८० कधीकधी. सॉलोमनचंच आरसी१०१ मात्र १५ ट्रकांवर अडलंय, तिथे १४ जमतात हे जगजाहीर आहे.

हाच साठा जॉब-शॉपवरही, म्हणजे यंत्रांवर कामांचा क्रम लावायच्या कोड्यावरही, लावून पाहिला. जोडण्यांऐवजी एकाच यंत्रावरच्या दोन कामांचा क्रम मोजला, सुधारणारे बदलले, खोडणाऱ्याच्या कोडला हात लावला नाही. एफटी०६ या त्यातल्या चाचणी-कोड्यावर ५५ (सगळी कामं संपायला लागणारा वेळ) लगेच. १९६३ पासूनच्या एफटी१० चं ९३० अजून हाती नाही. ते सर्वोत्तम असल्याचं कार्लिए आणि पिन्सोंनी १९८९ मध्ये सिद्ध केलं, तेव्हा मी घाई करत नाही.

पुढचं काम आरसी१०१ साठी: अख्खा मार्ग मोडून त्याचे ग्राहक इतरांत कोंबणारा एजंट, आणि तेवढ्यापुरती विंडो चुकवायची मुभा, दंड लावून. असं अर्धवट उत्तर साठ्यात ठेवायचं की एजंटने आपल्यापाशीच जिरवायचं, यावर कुणी प्रयोग केले असतील तर आकड्यांसह सांगा.