सिंधुदुर्गाभोवतीचं पाणी

रविवार, 19 ऑक्टोबर 2025

रात्री दहाच्या सुमारास धाकट्याचं अंग तापलं. थर्मामीटरवर 102.4. संध्याकाळपर्यंत तर तो खाली अंगणात किल्ल्यावर मावळे लावत होता. दिवसभर उन्हात होता, त्याचंच असेल असं म्हणून पॅरासिटामॉल दिलं आणि निजवलं. कॉटखाली बॅगा अर्ध्या भरून पडल्यात. मालवणला जायला गुरुवारी रात्रीची कोकणकन्या एक्स्प्रेस आहे.

सोमवार, 20 ऑक्टोबर

पहाटे चाळीत फटाके वाजायला लागले आणि तो दचकून उठला. रडत म्हणाला, "आई, डोळ्यांच्या मागे दुखतंय." सहा वर्षांच्या मुलाने दुखण्याची जागा इतकी नेमकी सांगितल्यावर माझ्या पोटात गोळा आला. अभ्यंगस्नान राहिलंच. आईंनी उटण्याचं बोट नुसतं त्याच्या कपाळाला लावलं आणि त्याच्या वाटचं कारीटही ताईने फोडलं. चकली त्याने बराच वेळ हातात धरून ठेवली, खाल्ली नाही.

मंगळवार, 21 ऑक्टोबर

डॉक्टरांनी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि डेंगीची एनएस1 तपासणी सांगितली. ऑक्टोबरचा ताप, त्यात लालबाग-परळचा पट्टा. त्यांना माझ्याइतकं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तोवर पॅरासिटामॉलशिवाय तापाचं दुसरं काही द्यायचं नाही. घरात पडलेली आयबुप्रोफेनची बाटली तर मुळीच नाही, डेंगी असला तर त्याने रक्तस्राव वाढू शकतो. रिपोर्ट उद्या.

लक्ष्मीपूजन झालं आणि रात्री आम्ही दोघं मोबाइल समोर ठेवून बसलो. गाडी परवा रात्री 11:05 ची. 48 तासांच्या आधी तिकीट रद्द केलं तर थर्ड एसीला माणशी 180 रुपये आणि वर जीएसटी एवढंच कापतात. त्यानंतर पंचवीस टक्के जातात, 12 तासांच्या आत आलं की पन्नास. म्हणजे ठरवायचं तर आज अकराच्या आत. रिपोर्ट हातात नाही, मूल तापलेलं आहे, आणि तरीही दोघांपैकी कुणाचंही बोट त्या बटणावर गेलं नाही. अकरा वाजून गेले. हे उठले आणि काही न बोलता त्याच्या कपाळावरची पट्टी बदलून आले.

ही तिकिटं आम्ही 24 ऑगस्टला, साठ दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला काढली होती. गणपतीला तीन दिवस राहिले होते, घरात मखराचे पुठ्ठे पसरलेले, आणि आई स्टुलावर बसून "मिळाली काय रे?" विचारत होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून तीन वर्षं त्यांनी मालवणचं घर पाहिलेलं नाही. पाच तिकिटं कन्फर्म झाल्यावर त्या देवासमोर जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

बुधवार, 22 ऑक्टोबर. पाडवा

एनएस1 पॉझिटिव्ह. प्लेटलेट 1,42,000. डॉक्टर म्हणाले, आकडा आत्ता घाबरण्यासारखा नाही, पण तो एकटा पाहू नका. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण), पाणी किती जातंय, लघवी किती वेळा होतेय, हे सगळं मिळून पाहायचं. एक वही केली आहे. वेळ, ताप, पाणी, लघवी असे चार रकाने.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. डेंगीत ताप चढलेला असतो तेव्हापेक्षा तो उतरतो तेव्हा जास्त जपायचं. त्यानंतरचे 24 ते 48 तास खरे नाजूक. मूल बरं दिसायला लागतं आणि त्याच सुमाराला रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपू शकतं. पोट जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, मूल सुस्त पडलं किंवा उगाच कासावीस झालं तर थेट हॉस्पिटल. "त्या दोन दिवसांत तो मला माझ्यापासून अर्ध्या तासाच्या आत हवा," एवढंच म्हणाले. जाऊ नका असं ते बोललेच नाहीत.

दुपारी मी खाली अंगणात गेले. यंदा त्याने सिंधुदुर्ग केलाय. शाळेत कुणीतरी सांगितलं होतं की तिथे शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे. तेव्हापासून त्याला तो बघायचा होता आणि ठशावर आपला हात ठेवून बघायचा होता. जलदुर्ग म्हणून त्याने ताईच्या मदतीने भोवती प्लॅस्टिकचा कागद अंथरून पाणी भरलं होतं, 11 तारखेला. रोज थोडं थोडं वाढवत होता. आज वाकून पाहिलं तर पाण्यात वळवळ होती.

त्याला डास चावला असेल तो या पाण्यातला नसणार, हे मला हिशेबाने कळतं. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात आणि चावल्यावर ताप यायला आणखी चार ते दहा. पण आता ताप अंगात असताना त्याला इथला डास चावला, तर तोच डास पुढे शेजारच्या तान्ह्या बाळाला चावू शकतो. कागदाचं टोक उचलून मी त्याचा अख्खा समुद्र फरशीवर उन्हात ओतला, गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या केल्या आणि पिंप घासून कोरडं केलं. वर आले तेव्हा हात थरथरत होते.

गुरुवार, 23 ऑक्टोबर. भाऊबीज

सकाळी सहाला ताप 98.8. त्याने स्वतःहून मऊ भात मागितला. हे म्हणाले, "उतरला गं." त्यांच्या आवाजातला आनंद ऐकून मी क्षणभर विरघळलेच. काल डॉक्टर बोलले नसते तर आज मी बॅगा भरायला घेतल्या असत्या, अगदी निश्चिंत मनाने. पहाटे गाडी करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात असताना तो कासावीस झाला असता तर मी काय केलं असतं, हे डोळ्यांसमोरून जात नाही. मालवणात, ओरोसला दवाखाने आहेतच. पण मधली रात्र रुळांवरची.

मीच म्हटलं, तुम्ही तिघं जा, मी याच्याजवळ थांबते. ई-तिकिटावरची फक्त आमची दोन नावंही रद्द करता येतात. मला लेकीचं वाटत होतं. अकरा वर्षांची आहे. दोन महिने कॅलेंडरवर फुल्या मारतेय. काल रात्री उशीत तोंड खुपसून म्हणाली होती, "दर वेळी याच्यामुळेच." मी रागावले नाही. खरंच आहे ते. दोन वर्षांपूर्वी गणपतीत त्याचा न्यूमोनिया आणि त्याच्याही आधी तिच्या वाढदिवसाला त्याचे जुलाब. आजारी मुलाकडे घर आपोआप वळतं आणि दुसरं मूल शहाण्यासारखं कडेला उभं राहतं. तिला हे सोसावं लागतं याचं मला फार वाईट वाटतं, आणि ते मी तिला तसंच सांगितलं.

आई देवघरापाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "गाव खंय पळान जाता? पोराक सोडून माका घास जावचो नाय." ह्यांनीही मान हलवली. माझ्या डोक्यात अजूनही वाटणी चालू होती, पण लेक उठली, आपली बॅग ओढून काढली आणि स्विमिंगचा ड्रेस कपाटात परत ठेवला. 10:40 ला पाचही तिकिटं रद्द केली. पंचवीस टक्के गेले.

मग पाट मांडला. अंथरुणात बसवूनच तिने त्याला ओवाळलं. ताटात घालायला त्याच्याकडे शंभरची नोट होती, प्रवासाला म्हणून आजीने दिलेली.

शुक्रवार, 24 ऑक्टोबर

प्लेटलेट 98,000. हिमॅटोक्रिट स्थिर. शेजारच्या वहिनी मायेने पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले उलट्या होतील असं काहीही आत्ता नको. वहिनींना तसं सांगितलं तेव्हा त्यांचं तोंड उतरलं. शहाळं, ओआरएस, भाताची पेज. रात्री दर दोन तासांनी उठतेय, तो झोपेत कूस बदलतो तरी दचकायला होतं.

शनिवार, 25 ऑक्टोबर

प्लेटलेट 1,16,000. चढायला लागल्यात. तळहातांना खाज सुटलीय. बरं होताना असं होतं म्हणे. आई सकाळी मालवणच्या जाऊबाईंशी फोनवर बोलल्या आणि बराच वेळ गॅलरीत बसून राहिल्या. मे महिन्याचं नाव अजून कुणी काढलेलं नाही. मीही काढलं नाही.

संध्याकाळी तो पहिल्यांदा कठड्याशी आला आणि खाली किल्ल्याकडे बघून म्हणाला, "समुद्र कुठे गेला?" मला उत्तर सुचेना.

"ओहोटी आहे," ताई म्हणाली आणि त्याचा हात धरून त्याला आत घेऊन गेली.

8:20. पाणी 150 मिली. लघवी झाली.