क्वीट्स नदी ओलांडून

क्वीट्सची वाट नदीतूनच सुरू होते. गाडी लावायची, पिशवी पाठीवर टाकायची आणि पाण्यात उतरायचं. पूल नाही. सिएटलला राहायला आल्यापासून ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानातल्या बऱ्याच वाटा पायाखालून गेल्या होत्या, पण ही राहिली होती ती या पाण्यामुळे.

त्यामुळे तयारीचा मोठा भाग म्हणजे नदीवर नजर ठेवणं. खाली क्लिअरवॉटरजवळ प्रवाह मोजायचं सरकारी केंद्र आहे आणि त्याचे आकडे घरबसल्या बघता येतात. मोजमाप सेकंदाला घनफुटांत, म्हणजे आपलं क्युसेक. पावसाळ्यात खडकवासल्यातून किती पाणी सोडलं हे ऐकत वाढलेल्या माणसाला त्यात नवीन काही नाही. ऑगस्टभर आकडा उतरत होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला तो ७०० च्या आसपास टिकला, तेव्हा मी धाकट्या बहिणीला फोन केला. मुक्काम एकच ठरला होता, पण परवाना दोन रात्रींचा काढला. नदी अडवेल तेव्हा घाई करायची वेळ येऊ नये, एवढाच विचार. आत फोन लागत नाही, म्हणून कधी परतणार ते घरी कागदावर लिहून ठेवलं.

शेवटचा रस्ता मातीचा. दोन्ही बाजूंना लाकडासाठी लावलेली झाडं, सगळी एका वयाची, एका उंचीची, मध्येच तोडून मोकळे केलेले डोंगर. मग उद्यानाची हद्द लागते आणि उजेडच बदलतो.

पाण्यात उतरताना पिशवीचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडून ठेवले. पाय घसरलाच तर पिशवी टाकून देता आली पाहिजे. तोंड प्रवाहाकडे, दोन्ही काठ्या पुढे रोवलेल्या आणि एका वेळी एकच पाऊल. नदी ऑलिम्पस पर्वताच्या हिमनद्यांकडून येते, त्यामुळे पाणी दुधाळ करडं आणि तळ दिसत नाही. मध्यावर मांडीपर्यंत आलं. पाय बधिर झाले होते. पलीकडे पोचल्यावर बहिणीने एक दुभंगलेला दगड दाखवला, निम्मा पाण्याबाहेर. "दादा, याच्यावर लक्ष ठेवू. येताना हा बुडालेला असेल तर उतरायचं नाही." सगळ्या प्रवासातला सगळ्यात कामाचा निर्णय तो.

पहिला तास सोपा गेला. अँड्र्यूज फील्ड नावाचं जुनं शेत लागलं. उद्यान १९३८ साली झालं, पण हा नदीकाठचा पट्टा त्यात आला १९५३ मध्ये. त्याआधी इथे शेतकरी कुटुंबं राहत होती आणि त्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या. आता तिथे उंच गवत आहे आणि एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणांच्या, लेंड्या. त्या मोकळ्या जागेत उभं राहून मला जरा जड वाटलं. हे जंगल वाचलं त्याची किंमत कुणीतरी दिली आहे.

त्यापुढे सिटका स्प्रूस, हेमलॉक, डग्लस फर. खोडाला दोघांनी मिळून मिठी मारली तर अर्धाही घेर भरेना. पश्चिमेकडच्या या खोऱ्यांत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळत नाही, शरद ऋतूपासून वसंतापर्यंत झिरपत राहतो. मेपलच्या फांद्यांवर शेवाळाच्या झोळ्या लोंबतात आणि त्या शेवाळातून नेचे उगवलेले.

स्प्रूस बॉटमच्या पुढे वाट गेलीच. आडव्या पडलेल्या झाडांवर झाडं, कुठे छातीएवढं खोड, कुठे डोक्याच्याही वर. प्रत्येक ठिकाणी तेच: वरून जायचं, खालून सरपटायचं, की वळसा? वळशात वाट हरवते. आम्ही नियम केला, एकाने वाटेवर उभं राहायचं, दुसऱ्याने पलीकडे वाट शोधून हाक मारायची. खरा धोका एल्कच्या वाटांचा. सह्याद्रीत ढोरवाट जशी छान मळलेली दिसते आणि चरायच्या जागी नेऊन सोडते, तशीच ही. एकदा अर्धा तास तिच्यामागे गेलो आणि दलदलीत पोचलो. तोल सावरायला हात टाकला तो डेव्हिल्स क्लब नावाच्या झुडपाच्या खोडावर. ते पूर्ण काट्यांनी भरलेलं असतं.

एका झाडावर दम खात बसलो होतो. त्या पडलेल्या खोडावर हेमलॉकची बोटभर रोपं ओळीने उगवली होती. खाली जमिनीवर शेवाळ आणि नेच्यांची इतकी दाटी की बी रुजतच नाही. खोडावर जागा मिळते. मग मुळं दोन्ही बाजूंनी जमिनीत उतरतात, खोड कुजून जातं आणि मोठी झाडं एका रांगेत, पायाखाली पोकळी घेऊन उभी राहतात. अशी रांग आम्ही मघाच बघितली होती. बहीण म्हणाली, "आजीच्या गावची देवराई आठवते? वाळकी काटकीसुद्धा उचलू द्यायचे नाहीत." मला आठवत होती. लहानपणी ती नुसती भीती वाटायची. तासभर ज्या खोडांनी आमची दमछाक केली, ती कुणी करवतीने कापून वाट मोकळी करावी असं त्यानंतर एकदाही मनात आलं नाही.

बॉब क्रीक गाठायचा बेत होता. दुपारी तीन वाजता मागच्या तासात जेमतेम सहाशे मीटर झाले होते, तेव्हा परत फिरलो. नदीकाठच्या गोट्यांवर, पाण्यापासून बरंच उंच, तंबू ठोकला. खाण्याचा अस्वलरोधक डबा शंभर पावलांवर ठेवला. रात्री पाऊस पडला, भुरभुर, पण पहाटेपर्यंत थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा काठावर पोचलो. पलीकडे आमची गाडी दिसत होती. दगड दिसत नव्हता. होता तिथे पाणी फुगून वळत होतं. मी म्हणालो, थोडं वरून बघू या, तिथे पात्र रुंद आहे. बहिणीने पिशवी खाली ठेवली आणि तंबू उलगडायला घेतला.

सकाळी आकाश मोकळं होतं. दगडाचा निम्मा भाग वर आला होता, अजून ओला. चहा घेतला, तासभर वाट बघितली. त्याची वरची कड वाळून पांढुरकी दिसायला लागली, तेव्हा पट्टे सोडले आणि उतरलो.