तिथे शांत असतं म्हणून ना?

मी ऑटिस्टिक आहे आणि कॉलेजच्या ग्रंथालयात संगणकाचं काम बघते, हे दोन्ही एकदम कळलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "तिथे शांत असतं म्हणून जमतं ना तुम्हाला?" मावश्या विचारतात, शिकाऊ मुलं विचारतात, निदान करणाऱ्या डॉक्टरांनीही विचारलं होतं. आजवर मी नुसती मान हलवून विषय संपवत आले. खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात माझं घरही येतं.

ग्रंथालय शांत नसतं. परीक्षा जवळ आली की वाचनकक्षात ओढली जाणारी प्रत्येक खुर्ची माझ्या दातांत जाणवते. देवघेव काउंटरवर स्कॅनर दर पुस्तकाला टीं करतो. जुन्या ग्रंथांच्या बाजूला एक ट्यूबलाइट सारखी घूं घूं करते. इतरांना ती ऐकूच येत नाही. मला तिच्याखाली उभं राहून समोरच्याचं एक वाक्यही नीट पकडता येत नाही. शेवटी ग्रंथपाल मॅडमनी माझं टेबल हलवलं. मराठीत आम्हाला 'स्वमग्न' म्हणतात, तो शब्द मला याच कारणानं पटत नाही. मी स्वतःत मग्न नसते. ती ट्यूबलाइट माझ्यात घुसलेली असते. घरी गेल्यावर अर्धा तास मी अंधारात पडून राहते आणि त्या वेळात माझ्याकडून शब्द निघत नाही.

मग जमतं कसं? इथले नियम लिहिलेले असतात म्हणून. "या ना एकदा घरी" म्हणजे खरंच यायचं की नाही, याचा मला पस्तिशीतही अंदाजच बांधावा लागतो. ग्रंथालयात पुस्तकाचं नाव २४५ क्रमांकाच्या रकान्यात, लेखक १०० मध्ये, आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक ०२० मध्ये. मार्क पद्धतीची, म्हणजे ग्रंथालयांच्या ठरलेल्या साच्यातली, नोंद पुण्यात असो की परदेशात, रकाने तेच. आणि नियम लिहिलेला असला की त्यातली चूकही बोट ठेवून दाखवता येते. माझा खरा जीव तिथे आहे.

गेल्या वर्षी एक मुलगा गुऱ्हाळावरचं पुस्तक शोधत आला. घरचा ऊस होता, प्रकल्प त्यावरच करायचा होता. ओपॅकवर, म्हणजे आमच्या ऑनलाइन ग्रंथसूचीत, शोधलं तर निकाल शून्य. पुस्तक कुठे आहे हे मला पाठ होतं, ते मी त्याच्या हातात दिलं. पण असलेल्या पुस्तकाला यंत्रानं 'नाही' म्हणावं, हे मला सोसेना. संध्याकाळी त्या नोंदीतलं एकेक अक्षर युनिकोडच्या, म्हणजे यंत्र अक्षरं ज्यांनी ओळखतं त्या, आकड्यांत उघडून पाहिलं. 'ऱ्हा'मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक तर ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त, नाहीतर साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, यंत्राच्या लेखी दोन निराळे शब्द. 'ॲ'चंही तसंच: एक सलग अक्षर, किंवा अ वर वेगळा चंद्र. नोंद एकानं एका कळफलकावर केलेली, मुलगा शोधत होता मोबाइलवरून. ग्रंथालयाच्या नोंदींसाठी आम्ही कोहा ही संगणकप्रणाली वापरतो. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली ही प्रणाली, २००० पासून वापरात. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ती मुक्त आहे, म्हणजे तिचा कोड सगळ्यांना खुला आहे, त्यामुळे आत शिरून दुरुस्ती करता येते. मी तीन आठवडे संध्याकाळी बसून तीनशेहून जास्त नोंदी एका वळणावर आणल्या. इतका आनंद मला कुठल्याच समारंभात झालेला नाही.

आता घराचं. माझी जोडीदार बाई आहे. एम.लिब. ही ग्रंथालयशास्त्राची पदवी करताना मी ड्यूई वर्गीकरणाचा, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या पद्धतीचा, इतिहास वाचला. १९३२ च्या आवृत्तीत समलैंगिकता मानसिक विकृतींच्या गटात होती. आज ती ३०६.७६ ला आहे, समाजशास्त्रात, कुटुंब आणि विवाहाच्या शेजारी. त्या रात्री मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. आपल्याला चुकीच्या कपाटात ठेवलं होतं आणि कुणीतरी बसून ते कपाट बदललं, हे वाचून मी रडले. ऑटिझम मात्र अजून ६१६.८५८८२ ला, रोगांमध्ये. डॉक्टरांच्या पुस्तकांसाठी ते ठीक. पण एका ऑटिस्टिक बाईंचं आत्मकथनही आमच्याकडे तिथेच लावलेलं होतं. मी मॅडमना लेखी टिपण दिलं आणि ते पुस्तक ९२० मध्ये, चरित्रांत आलं. नवा वर्गांक मीच छापून चिकटवला.

कायद्याचंही मी असंच रकाना रकाना बघते. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं आम्हाला गुन्हेगारीच्या कलमातून बाहेर काढलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क मात्र दिला नाही. तो दिवस मी रजा टाकून घरी काढला. तिनं वरणभात केला, दोघींनाही जेवण गेलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की आमच्यासारख्यांना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. मी ते छापून घेतलं, दोन प्रती काढल्या आणि आम्ही बँकेत गेलो. तिथेही पंखे, टोकनचा भोंगा, गर्दी. माझी बोटं ओढणीशी चाळा करत होती, तिनं ती धरली नाहीत. चाळा थांबवला की मला जास्त त्रास होतो, हे तिला माहीत आहे. काउंटरवरच्या बाईंनी कागद पूर्ण वाचला. मग पेन उचलून विचारलं, "नातं काय लिहू? मैत्रीण?"

"जोडीदार," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं आणि फॉर्म सहीसाठी माझ्याकडे वळवला. मी नेहमीप्रमाणे एकेक अक्षर तपासलं. चारही बरोबर होती.