हायवे टाळून खानापूर: बेळगावच्या पश्चिमेचे सायकलचे रस्ते

बेळगावातून सायकलवर पश्चिमेला निघायचं म्हटलं की पहिलं नाव चोर्ला घाटाचं निघतं. रस्ता देखणा आहे, वादच नाही. पण गोव्याला जाणारी बरीच मालवाहतूक तिथून जाते, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, आणि वळणावर सायकलवाल्याने सरकायचं म्हटलं तर साईडपट्टी धड नसते. आमचं मत असं की चोर्ला रस्ता फक्त आडवारी, उजाडता उजाडता आणि जमेल तितका कमी वापरावा. त्याच्या दोन्ही अंगांना गावं जोडणारे जे बारीक डांबरी रस्ते आहेत, ते खरे सायकलचे.

ते समजायला दोन नद्या डोक्यात ठेवल्या की पुरे. मार्कंडेय बैलूरच्या डोंगरात उगम पावते, राकसकोपच्या जलाशयातून बेळगावच्या अंगाला येते आणि पुढे गोकाककडे घटप्रभेला मिळते. मलप्रभा कणकुंबीला उगम पावून खानापूरवरून पूर्वेला जाते. नदीला धरून जाणारा रस्ता बहुतेक सपाट. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाणारा रस्ता मात्र चढ काढायला लावतो, आणि गाड्याही तिथेच सगळ्यात कमी.

सुरुवातीला राकसकोपचा फेरा. गणेशपूर, बेनकनहळ्ळी, बेळगुंदी, राकसकोप, तिथून तुडये, मग शिनोळी आणि उचगाववरून परत. एकूण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. तुडये-शिनोळी हा भाग चंदगड तालुक्यातला, म्हणजे मधेच महाराष्ट्रात जाऊन यायचं. एरवी भाषणांत गाजणारी सीमा इथे डांबराचा रंग बदलला तरच कळते. बेळगुंदीपर्यंत सकाळी दूधवाले आणि कामाला शहरात येणाऱ्या दुचाक्या समोरून येतात, त्यामुळे साडेसहाच्या आत शहर सोडावं. शिनोळीपासून पुढे वेंगुर्ला रोड लागतो आणि तिथे शांतता संपते. तो तुकडा नकोच असेल तर तुडयेहून आल्या वाटेने मागे फिरा, काही बिघडत नाही.

दुसरा आणि आम्हाला सगळ्यात आवडणारा रस्ता खानापूरचा. चौपदरी हायवेने खानापूर 26 किलोमीटर. सरळ, रुक्ष, आणि ट्रकच्या वाऱ्याने सायकल हलते. त्याऐवजी येळ्ळूर, राजहंसगडाच्या पायथ्यावरून नंदिहळ्ळी, गर्लगुंजी, तोपिनकट्टी असं खानापूर गाठावं. पाच-सात किलोमीटर जास्त पडतात. भाताची आणि उसाची शेतं, गावागणिक रंग न मारलेले दोन-तीन गतिरोधक, आणि कुत्री. कुत्रं मागे लागलं की जोर मारून पळण्यापेक्षा वेग कमी करून, वेळ आली तर उतरून सायकल मधे धरणं बरं. पळणाऱ्या चाकामागे ते धावतं, थांबलेल्या चाकापाशी सहसा गोंधळतं.

राजहंसगडावर वर जायचं असेल तर शेवटचा चढ खडा आहे. पुढे 50 आणि 34 दात्यांच्या दोन चकत्या आणि मागे सगळ्यात मोठी चकती 28 दात्यांची असेल, तर सगळ्यात हलक्या गिअरवर पायडलच्या एका पूर्ण फेरीला सायकल साधारण अडीच मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 फेऱ्या मारायच्या म्हटल्या तरी ताशी 9 किलोमीटरच्या वर वेग ठेवावा लागतो. दहा टक्के चढावर माणूस आणि सायकल मिळून 80 किलो धरले, तर नुसत्या वजनापायी 200 वॅट लागतात. रोज घाट न मारणाऱ्याचे गुडघे इथेच तक्रार करतात. मागे सगळ्यात मोठी चकती 34 दात्यांची असलेली कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बसवली की तोच चढ साडेसात किलोमीटरच्या वेगाने, 165 वॅटवर निघतो. कॅसेट बदलण्याआधी मागचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) 34 पेलतो का ते दुकानदाराला विचारा, आणि चेनची लांबी नव्याने मोजा. जुनी चेन तशीच ठेवली तर पुढे-मागे दोन्हीकडे मोठ्या चकतीवर चेन असताना ती ताणून डिरेल्युअरच मोडतो.

खानापूरहून पुढे दोन फाटे. नंदगड आणि हलशीचा रस्ता सोपा. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. 1831 च्या 26 जानेवारीला त्याला इथेच फाशी दिलं. हलशीला कदंबांच्या राजधानीच्या खुणा आणि भूवराह नरसिंहाचं देऊळ. करंबळ फाट्यापासून आत वळलात की हायवे मागे राहतो.

दुसरा फाटा मणतुर्ग्यावरून हेम्माडग्याचा, भीमगड अभयारण्याकडे जाणारा. गाड्या नाहीतच म्हणा, पण इथे नियम वेगळे. अभयारण्य 2011 साली जाहीर झालं. गवे आणि अस्वलं या पट्ट्यात आहेत, खानापूर तालुक्यात हत्तीही येतात. ऊन चढल्यावर निघा आणि चारच्या आत मागे फिरा. धुक्यात, वळणावर, आवाज न करता उतारावरून येणारी सायकल अस्वलाला कळत नाही, आणि दचकलेलं अस्वल हल्ला करतं. म्हणून उतारावर घंटी वाजवत यायचं, लाज वाटू द्यायची नाही. कानात इअरफोन तर अजिबात नकोत. धबधब्यांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटांना वनखात्याची परवानगी लागते. डांबर सोडण्याआधी नाक्यावर विचारावं.

पावसाळ्यात याच रस्त्यावर मणतुर्ग्याजवळचा हलात्रीचा पूल पाण्याखाली जातो. जांबोटीकडे हब्बनहट्टीच्या मारुतीचं देऊळही बुडतं. कणकुंबी, आमगावचा पाऊस बेळगावच्या अंदाजाने मोजू नये. शहरात नुसती भुरभुर असते तेव्हा तिकडे ढगफुटीसारखा कोसळत असतो. पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं दिसलं तरी सायकल घालू नका; खालचं डांबर वाहून गेलंय की नाही ते दिसत नाही. समोरून येणाऱ्याला "मामा, पुढं रस्ता हाय काय?" विचारलं की नकाशापेक्षा ताजी बातमी मिळते. बसच्या पाट्या आणि गावांचे फलक बरेचदा कन्नडमध्ये असतात. त्यामुळे ज्यांना वाचता येत नाही त्यांनी गावांचा क्रम पाठ करून निघावं.

वाऱ्याचाही हिशेब आहे. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा, जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर, म्हणजे सोयीचा. थंडीत सकाळी पूर्वेचा वारा असतो. तो जाताना ढकलतो आणि परतताना दमवतो, म्हणून तेव्हा अंतर थोडं कमीच ठरवा.

सगळ्यात उत्तम महिना ऑक्टोबर. नोव्हेंबरपासून ऊसतोड सुरू होते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर एरवीच्या रिकाम्या रस्त्यांवरही येतात, त्यांना मागचं दिसत नाही, आणि मागची ट्रॉली वळणावर आत कापते. अशा वेळी बाजूने घुसायचं नाही, थांबून जाऊ द्यायचं. रस्त्यावर पडलेलं उसाचं कांडकं पुढच्या चाकाखाली आलं की सायकल आडवी. भाताची सुगीही याच सुमाराला, कुठे कुठे मळणी थेट डांबरावर चालते. पिंजरावरून (भाताच्या काडावरून) जाताना ब्रेक दाबू नये, आणि पिंजर चेनमध्ये गुंतलं तर उतरून हाताने काढावं, उलटं पायडल मारू नये.

टायर 28 मिलिमीटरच्या खाली नको, 32 असेल तर उत्तम. सत्तर किलोच्या माणसाला 32 च्या टायरात पुढे 50 आणि मागे 55 ते 60 पीएसआय पुरते. गच्च हवा भरली की खडबडीत डांबरावर हात बधिर होतात. फार कमी ठेवली की खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटून दोन समांतर भोकं पडतात. दोन ट्यूब, पॅच, हातपंप आणि चेनची जोडकडी बरोबर असू द्या. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप बसत नाही. त्यासाठी पितळी अ‍ॅडॉप्टर घ्या, किंमत किरकोळ असते. आणि पावसात जांभ्या मातीची कच ब्रेक पॅडमध्ये रुतते. रिम ब्रेक असेल तर घरी आल्यावर पॅड काढून टोकदार सुईने कच उपसा, नाहीतर पुढच्या उतारावर ती रिमच कातरते.