थेटफर्डचा बांध आणि न सोडलेलं फेरेट

शिकार बघायला मला अजिबात आवडत नाही. तरीही जानेवारीतल्या एका गारठलेल्या सकाळी मी इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातल्या एका गव्हाच्या शेतात उभी होते आणि शेजारच्या आजोबांच्या खांद्यावरच्या लाकडी पेटीत दोन फेरेटं, म्हणजे सशांच्या बिळात सोडायचे मुंगसासारखे लांबट पाळीव प्राणी, खुडबुडत होती. भाची केंब्रिजला राहते. तिच्या ओळखीच्या शेतकरी जोडप्याने "आमच्याकडे सशांचा बंदोबस्त आहे, मावशींना घेऊन ये" असा निरोप धाडला. लंडनमधल्या रांगांना मी इतकी विटले होते की लगेच हो म्हटलं. लंडनबद्दल याहून जास्त लिहावंसं वाटत नाही.

केंब्रिजहून गाडी इलीमार्गे थेटफर्डला जाते. इलीच्या आसपासची काळी, सपाट जमीन मागे पडली की ब्रेकलँडचा वाळूचा पट्टा सुरू होतो. शेतांच्या कडेने वेड्यावाकड्या पाइनच्या रांगा, नांगरलेल्या मातीत चकमकीचे दगड. आदल्या रात्री ज्या खानावळीवजा हॉटेलात उतरलो तिथे खोली तापवायचं यंत्र बंद होतं आणि मालकाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. शेतावर मात्र बाईंनी माझ्या चपलांकडे एकदा पाहिलं, काही न विचारता स्वतःचे गुडघ्यापर्यंतचे बूट आणि लोकरी मोजे काढून दिले आणि चहा पुढे केला. इंग्रज माणूस अघळपघळ बोलत नाही, पण मला हा पाहुणचार आपल्या आग्रहाइतकाच आवडला.

ससा इथला मूळचा नाही. नॉर्मन राजवटीत तो मांस आणि कातडीसाठी मोठ्या प्रमाणावर पाळायला सुरुवात झाली, आणि पोखरायला सोप्या अशा या वाळूत त्याची वस्ती फोफावली. थेटफर्डजवळ सन 1400च्या सुमाराची एक दुमजली दगडी इमारत अजून उभी आहे. मठाच्या सशांवर पहारा ठेवणारा माणूस तिथे राहायचा. चोरांच्या भीतीने भिंती किल्ल्यासारख्या जाड. पुढे 1953 साली मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाची साथ इंग्लंडमध्ये शिरली आणि दोन-तीन वर्षांत देशातले जवळजवळ सगळे ससे मेले. तेव्हा शेतकऱ्यांना हायसं वाटलं असेल, पण सशांनी खुरटं ठेवलेलं गवत वाढलं आणि त्या उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या करवानक पक्ष्याची पंचाईत झाली. आपल्या माळावरच्या करवानकाचाच हा भाईबंद, उन्हाळ्यात इथे येतो. आता ससे पुन्हा आहेत आणि गव्हाचे कोवळे कोंब खातात. शेताच्या कडेचा दहा-बारा पावलांचा पट्टा वस्तऱ्याने भादरल्यासारखा दिसत होता.

मला वाटलं होतं, आता फेरेट बिळात सोडतील, ससे बाहेर पळतील, जाळ्यात अडकतील आणि मी तोंड फिरवून उभी राहीन. पण आजोबांनी पेटी उघडलीच नाही. ती भाचीच्या हातात दिली आणि बांधाच्या एका टोकापासून चालायला लागले. चालणं कसलं, दोन पावलं टाकायची, वाकायचं, एका गुडघ्यावर बसायचं, पुन्हा उठायचं. वय सत्तरीपुढचं असावं. मी मागे मागे गेले आणि तास कसा गेला ते कळलं नाही.

पहिली बिळं सशांचीच होती. तोंड वीतभरसुद्धा नाही, गोलसर, बाहेर वाटाण्याएवढ्या सुक्या लेंड्या. त्यांनी एक लेंडी बोटांत चुरडून दाखवली, आत नुसता गवताचा भुसा. काही बिळांच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं शाबूत होतं, म्हणजे इतक्यात तिथून कुणी गेलेलं नाही. एक भोक अंगाची आग करणाऱ्या नेटल झुडपाच्या झुपक्याखाली लपलेलं, बाहेर उकरलेली माती मुळीच नाही. ते आतून बाहेर काढलेलं असतं, पळून जाण्यासाठी. "जाळी लावताना हेच राहून जातं," आजोबा म्हणाले. धान्याच्या कोठाराकडच्या बाजूला लहान, गुळगुळीत तोंडाची भोकं दिसली, त्यांच्यामधून तुळतुळीत पायवाटा. उंदीर, मोठे. तिकडे फेरेट सोडायचं नाही, घुशीएवढे ते उंदीर फेरेटाचं तोंड फोडतात. पुढे एक बीळ रुंदीपेक्षा उंचीला जास्त, तोंडाशी कबुतराची पिसं आणि असा उग्र दर्प की मी नाकाला मफलर लावला. कोल्हा. आजोबांनी तिथे बूट टेकवून मातीत एक रेघ ओढली आणि पुढे निघाले.

माझे मामा माण तालुक्यातले. त्यांच्याकडे ससा बिळात राहतच नाही, गवतात खळगा करून बसतो. माळावरची बिळं खोकडाची, घोरपडीची, मुंगसाची. तोंडाशी काटा पडलेला असला की साळिंदराचं. बांध दुरुस्त करण्याआधी मामाही असेच वाकून बघत फिरायचे आणि आम्हा पोरांना लांब उभं करायचे. इतक्या दूरच्या वाळूच्या शेतात तीच सवय पाहून मला भरून आलं.

बांधाच्या मध्यावर आजोबा थांबले ते थांबलेच. सशाच्या दहा-बारा बिळांच्या मधोमध एक मोठं तोंड होतं. वीतभराहून बरंच रुंद, खालची बाजू सपाट आणि वर कमान. समोर बादल्याच्या बादल्या भरतील एवढा वाळूचा ढीग, त्यात वाळक्या नेच्याचे आणि गवताचे पुंजके. कुणीतरी आतलं अंथरूण बदललं होतं. ओल्या मातीत रुंद पंजाचा ठसा होता, पाच बोटं जवळजवळ एका ओळीत आणि पुढे लांब नखांचे ओरखडे. मला खात्री पटली होती. आजोबांची अजून पटली नव्हती. त्यांनी तारेच्या काट्यावरून एक राठ केस अलगद सोडवला आणि माझ्या हातावर ठेवला. बुडाशी पांढुरका, टोकाला पांढुरका, मध्ये काळा पट्टा. "अंगठा आणि बोटात फिरवा," म्हणाले. फिरवला. केस घरंगळेना, अडत अडत वळत होता, कारण तो पूर्ण गोल नसतो. बॅजर, जमिनीखाली मोठी बिळं खणून राहणारा दणकट प्राणी.

फेरेट, बॅजर आणि आपलं पाणमांजर ही एकाच कुळातली भावंडं, पण आत गाठ पडली तर फेरेट जिवंत परत येणं कठीण. शिवाय 1992च्या कायद्याने बॅजरला आणि त्याच्या घराला संरक्षण आहे. तो तिथे सध्या वावरतोय अशी खूण दिसली की ते त्याचं घर. तोंडावर जाळी लावणं म्हणजे त्याची वाट अडवणं, तोही गुन्हाच. लहान बिळं आतून मोठ्याला मिळालेली असू शकतात, ती जोडणी वरून कळत नाही. म्हणून आजोबांनी अख्खा मधला बांध सोडून दिला.

शेतकऱ्याला ते रुचलं नाही. सगळ्यात जास्त नासधूस तिथेच होती आणि नुकसान त्याचं होतं. त्याने कडेच्या लहान बिळांत तरी फेरेट सोडा म्हणून दोनदा सांगून पाहिलं. आजोबांनी आवाज चढवला नाही, पण पेटीही उघडली नाही. "इथे तारेचं कुंपण घाला, मी उभं करून देतो," एवढंच. मला शेतकऱ्याचा राग समजतो, गहू त्याचा आहे. पण मी आजोबांच्या बाजूने आहे, पूर्णपणे. बंदोबस्त करायचाच तर ज्याचा करायचा त्याचाच व्हावा, आणि त्यासाठी तासभर गुडघे चिखलात टेकायची तयारी हवी.

नंतर दुसऱ्या टोकाच्या बांधावर जाळी लागली, गळ्यात ठावठिकाणा सांगणाऱ्या यंत्राचा पट्टा बांधलेली फेरेटाची मादी आत गेली आणि ससे मिळाले. ते मी पाहिलं नाही. घरी जाऊन बाईंना बटाटे सोलू लागले.

थेटफर्डला जायचं झालं तर लोक उन्हाळ्यात जातात, ती जुनी दगडी इमारत बघतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. मी म्हणेन, थंडीत जा. तेव्हा नेटल आणि नेचे मेलेले असतात, बांध उघडा पडतो. एखाद्या शेतकऱ्याची रीतसर परवानगी काढा आणि सोबत असा जाणता माणूस मिळाला तर त्याच्या मागे मुकाट्याने चालत राहा. बूट मात्र स्वतःचे न्या.